फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

"लिहितेस कुठल्या हातानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजव्या."

"मग उजव्याला दहा दिवस सुट्टी. डाव्या हाताच्या शिरा अकोल्यानं संपवल्यात."

अकोल्यानं म्हणजे अकोल्याच्या दवाखान्यानं. तिथं दोन महिने मला बाटल्या लावल्या होत्या, कधी रक्ताच्या, कधी मिठाच्या पाण्याच्या. डाव्या हाताची शीर सुईला सापडेनाशी झाली तेव्हा त्यांनी हात टेकले आणि मला अमरावतीला पाठवलं. अमरावतीच्या या दवाखान्यातले डॉक्टर मुंबईला शिकून आले होते. माझ्या दुखण्यावर एक नवं औषध निघालंय ते त्यांना माहीत होतं. साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी बावीस वर्षांची होते, सातवी पास, लग्नाला तीन वर्षं झालेली.

दुखणं असं होतं. मला दिवस गेले. चौथ्या महिन्यात पोट सातव्यासारखं दिसायला लागलं. सासूबाई खूश, जुळं आहे म्हणून गल्लीभर सांगून आल्या. मग एका सकाळी अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. दवाखान्यात पोट साफ केलं तेव्हा आत मूल नव्हतंच, नुसते द्राक्षाच्या मण्यांसारखे फोड. कुणाचं काही चुकलं नव्हतं, पण घरात मात्र सगळे माझ्याकडे चोरी सापडल्यासारखं बघायला लागले. पोट रिकामं झालं तरी रक्त जायचं थांबलं नाही. पुढं खोकल्यातूनही रक्त यायला लागलं.

त्या काळी यासाठी एक तपासणी होती. बाईची लघवी बेडकाला टोचायची आणि बाईला दिवस गेलेत की नाहीत ते बेडकावरून ओळखायचं. माझ्या बेडकानं सांगितलं, गेलेत. पुन्हा तपासलं, पुन्हा गेलेत. रिकाम्या पोटाच्या बाईला बेडूक गर्भारशी म्हणतो याचा अर्थ डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला व्हरांड्यात नेऊन सांगितला. मी खाटेवरून ऐकला. कॅन्सर हा शब्द मी तोवर फक्त एकदा, आमच्या घरमालकाच्या भावाच्या घशाबद्दल ऐकला होता, आणि तो भाऊ दोन महिन्यांत गेला होता. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण भीतीच्या आधी राग आला. माझं दुखणं आणि सांगतात त्याला!

सोमवारी त्यांनी हाताची शीर उघडून नळी बसवली. याला ते कट-डाउन म्हणायचे. सुई रोज नव्यानं टोचायला शिरा उरल्या नव्हत्या, म्हणून एकच शीर चिरून तिच्यात नळी सरकवायची आणि दोऱ्यानं बांधून टाकायची. मग पाचही दिवसांचं औषध त्या एका वाटेनं जाणार. नवऱ्यानं कागदावर सही केली, मला टेबलावर घेतलं आणि सिस्टरनं माझं तोंड भिंतीकडे वळवलं. कोपराच्या आतल्या बाजूला भूल टोचली. मुंगी चावल्यागत झालं आणि मग तिथं कुणीतरी दुसऱ्याच्याच हाताला काही करतंय असं वाटायला लागलं. दुखत नव्हतं, पण ओढ कळत होती. कातडीखालून काहीतरी उचललं, दोरा फिरला, मग गारवा दंडाकडे चढत गेला. मी भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे बघत राहिले. एक पोपडा हुबेहूब बैलाच्या तोंडाचा होता.

"बघायचं का?" शेवटी डॉक्टर म्हणाले.

बघितलं. गव्हाच्या काडीएवढी पांढरी नळी माझ्या हातातून बाहेर आली होती आणि पुढं रबरी नळीला, रबरी नळी वर टांगलेल्या बाटलीला जोडलेली होती. काळ्या रेशमाच्या दोन गाठी. बाकी सगळा हात फळीला बांधलेला.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. ते माणसाशी बसून बोलायचे, ही त्यांची मला आवडलेली गोष्ट. म्हणाले, "हे बघ बाई. ही नळी नऊ-दहा दिवस टिकेल. त्यानंतर नाही. हिच्यातून पाणी सतत ठिबकत राहिलं पाहिजे. थांबलं की रक्त गोठलं आणि रक्त गोठलं की नळी गेली. मग पायाची शीर आहे, पण ती बारीक आहे, तिचा भरवसा मी देत नाही. औषध मुंबईहून आलंय, कपाटात आहे. पण ते सुरू झालं की तुझं तोंड सोलून निघेल, वांत्या होतील, तुला बाटलीकडे बघायचं भान राहणार नाही. आमच्या दोन सिस्टर, चाळीस खाटा. घरचं माणूस शेजारी बसल्याशिवाय मी औषध सुरू करणार नाही. नवरा बसेल ना?"

"बसेल," मी म्हटलं.

नवरा शेजारीच उभा होता. त्यानं मान हलवली. दुपारच्या मोटारीनं तो अकोल्याला गेला. "रजा टाकतो आणि परवा सकाळी हजर होतो," म्हणाला. जाताना त्यानं माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

मंगळवारी मी बाटलीकडे बघत राहिले. दुसरं काम नव्हतं. थेंब पडतो, थांबतो, पडतो. मध्येच डोळा लागायचा आणि मी दचकून बघायची की पडतोय ना. शेजारच्या खाटेवर गळ्याची गाठ काढलेली एक म्हातारी होती. सगळा वॉर्ड तिला खाला म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. तिची मान पट्ट्यांत करकचून बांधलेली, त्यामुळे ती माझ्याकडे बघायची तर सगळं अंग वळवून बघायची. "सो जा बेटी, मी पायतो तुही बाटली," असं ती दोन्ही भाषांचं मिळून बोलायची. ती खरंच बघायची. पण तिला स्वतःलाच धड बसवत नव्हतं, आणि दर चार वाजता तिचं गणगोत यायचं.

चार ते सहा ही माणसांची वेळ. त्या दोन तासांइतका वाईट वेळ मी आयुष्यात दुसरा काढला नाही. चार वाजले की दार उघडायचं आणि चाळीस खाटांची माणसं आत यायची, डबे, फडक्यात बांधलेल्या भाकरी, रडकी पोरं, पायताणांचा आवाज. प्रत्येक खाटेला दोन-तीन माणसं लागायची. खालाच्या खाटेला तर सहा. माझ्या खाटेजवळचा स्टूल रिकामा दिसला की कुणीतरी येऊन विचारायचं, "हा घेऊ का?" मी म्हणायची, "घ्या." माझ्या दुखण्याचं नाव एव्हाना वॉर्डभर झालं होतं. एका बाईनं तर स्टूल नेताना पदरानं धरून नेला आणि नेल्यावर पुसून घेतला. मला हसू आलं. मग रडू आलं. डोळे पुसायला एकच हात मोकळा होता आणि तो डावा.

बुधवारी सकाळी नवरा आला नाही. त्याचं पाकीट आलं. रजा मिळत नाही, साहेब नवीन आहे, आई म्हणते की अशा वेळी माहेरचं माणूस असलेलं बरं, तरी तू वडिलांना बोलावून घे, प्रकृतीस जपणे. मी ते पत्र तीनदा वाचलं. साहेब नवीन नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच साहेबाच्या मुलीच्या लग्नात आम्ही जेवून आलो होतो.

नंतर मी या माणसाबरोबर पुष्कळ वर्षं संसार केला. तो वाईट नव्हता, भित्रा होता. पण त्या बुधवारचा हिशेब मी त्याला कधी माफ केला नाही आणि त्यानंही कधी माफी मागितली नाही. माझ्याशी वाद झाला की तो आपोआप खाली बघून जेवायला लागायचा.

राउंडला डॉक्टर आले. नळीची पट्टी सोडून बघितली, बाजूनं थोडं रक्त झिरपत होतं. "कोणी आलं?"

"येतील."

"येतील नाही. शनिवारपर्यंत कोणी आलं नाही तर औषधाचे पाच दिवस हिच्यात बसायचे नाहीत, ही मला काढावी लागेल. मग पुढचं मी काय सांगू?" ते रागावले नव्हते, थकले होते. मला मात्र ते नीट कळलं. औषध कपाटात होतं, वाट हातात होती, आणि माणूस नव्हतं म्हणून मी मरणार होते.

माणूस होतं. माझा बा होता. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडं आमचं खेडं, मोटारीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. मग बोलावलं का नाही, असं कुणीही विचारेल. तर ते सांगते.

बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझं कार्ड गेलं की तो ते घेऊन शाळेच्या ओट्यावर जायचा आणि मास्तर मोठ्यानं वाचून दाखवायचे. ओट्यावर नेहमी चार-सहा माणसं असायची. कार्ड म्हणजे सगळ्या गावाचंच. आता त्या ओट्यावर मास्तरांच्या तोंडून माझ्या बानं काय ऐकायचं? पोटातून द्राक्षं निघाली? अंगावरून जाणं थांबत नाही? बेडूक असं म्हणतो? मी मेले असते तरी ते लिहिलं नसतं. म्हणून अकोल्याहून आणि मग अमरावतीहून मी दर खेपेस तेच लिहायची. अंगात थोडी कसर आहे, डॉक्टर चांगले आहेत, वेचणी सोडून येऊ नका. वेचणी खरंच चालू होती. बा दुसऱ्याच्या कापसात रोजानं जायचा. पण खरं कारण ओटा होता, वेचणी नव्हती.

माय मी अठरा वर्षांची असताना गेली. तिच्या जाण्याची कार्डं मीच लिहिली होती. घरात अक्षर येणारी मी एकटी. नातेवाइकांना दहा कार्डं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्याकडे पत्राच्या डोक्यावर श्री लिहिणं बंद झालं होतं, त्यामुळे श्री नसण्यावरून मरणाचं पत्र ओळखता येत नव्हतं. पण कोपरा फाडायची चाल तशीच राहिली होती. मी एकेक कार्ड लिहून पुढं करायची आणि बा त्याचा एक कोपरा फाडायचा. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हणजे माणूस गेल्याचं कार्ड. असं कार्ड घरात नेत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडायचं आणि पाण्यात सोडायचं. दहा कोपरे बानं खिशात ठेवले होते, कारण ते कुठं टाकायचे हे त्याला माहीत नव्हतं.

तर बुधवारी दुपारी मी उशीखालून कार्ड काढलं. अकोल्यात असतानाच मी सहा कार्डांवर पत्ते लिहून ठेवले होते, त्यातली दोन उरली होती. गुडघ्यावर कार्ड ठेवलं, डाव्या हातात पेन्सिल धरली आणि ठरवलं की एकच अक्षर लिहायचं. या. डाव्या हातानंसुद्धा जमलं असतं. ते वाचायला ओट्यावर कुणाला लाजही वाटली नसती.

पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, "मी बरी आहे."

का, ते आजही सांगता येत नाही. स्वभाव. त्या तीन शब्दांना अर्धा तास लागला आणि पोरानं भिंतीवर रेघोट्या ओढाव्यात तसं अक्षर आलं. कार्ड सरकू नये म्हणून मी फळीला बांधलेला उजवा हात त्यावर टेकवला होता. उचलला तर पट्टीतून झिरपलेलं रक्त कार्डाच्या खालच्या कोपऱ्याला लागलेलं. चांगला रुपयाएवढा डाग. बा रक्त बघून घाबरेल, या एकाच विचारानं मी कार्ड दातात धरलं आणि तेवढा कोपरा फाडून काढला. मग चार वाजता खालाच्या नवऱ्याला म्हटलं, "चाचा, जाताना पेटीत टाकता का?" त्यांनी कार्ड न बघता खिशात घातलं. सहाला घंटा झाली आणि ते गेले.

सात वाजता सिस्टरनं बाटली बदलली. ती गेल्यावर मी पुन्हा थेंबाकडे बघायला लागले, आणि मला दहा कार्डं आठवली.

अंगात ताप होता, हे खरं. कोपरा फाडताना मला चाल आठवली नव्हती, हेही खरं. मी यावर कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून बोलेन. पण पुढचं सांगितल्याशिवाय हे सांगण्यात अर्थ नाही. दुसरं कार्ड उशीखाली होतं. पेन्सिल होती. गुरुवारी सकाळी सिस्टरला म्हटलं असतं तर तिनं दोन ओळी लिहून टाकूनही दिलं असतं. एक दिवस उशिरा का होईना, खरं पोचलं असतं. गुरुवारी अख्खा दिवस मी त्या उशीवर डोकं ठेवून पडून होते. मी ते कार्ड लिहिलं नाही. मला माणूस हवं होतं. माझा बा मला मेलेली समजून रस्त्यानं येत असेल हे मला कळत होतं, आणि तरी तो येत असेल याचा मला आनंद होत होता. असा आनंद माणसाला होऊ शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, माणसांची वेळ व्हायच्या आधीच, दाराशी बोलणं ऐकू आलं.

"माही पोरगी कुठं ठेवली?"

सिस्टरनं नाव विचारलं आणि म्हणाली, "ती का? ती चौथी खाट. पण चार वाजता या."

बा आत आला. वेचणीतलं मळकं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, काखेत कागदाचं पुडकं. तो पायांकडे बघत, खाटा मोजत आला. एक, दोन, तीन. चौथ्या खाटेशी थांबला आणि मग त्यानं वर बघितलं. मी त्याच्याकडेच बघत होते. बाटलीतून थेंब पडत होते तेवढंच त्या वॉर्डात हलत होतं.

"जित्ती हाय तू?" तो म्हणाला.

"हो बा."

त्यानं हात उगारला. मला वाटलं, आता देतो एक. हात खाटेच्या लोखंडी दांडीवर जोरात आपटला आणि तो तिथंच फरशीवर बसला. दांडी थरथरली, बाटली हलली. "बा, बाटली," मी म्हटलं. तो उठला आणि दोन्ही हातांनी बाटली धरून उभा राहिला. रडत होता, पण बाटली सोडली नाही. सगळं अंग वळवून खाला बघत होती. ती म्हणाली, "अल्ला, आया कोई इसका." आणि तीही रडायला लागली. तिला रडायची बंदी होती, गळ्याला टाके होते.

पाच वाजता पिवळं औषध सुरू झालं.

औषधाचं काय सांगू? डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं सगळं. तिसऱ्या दिवसापासून तोंडात पाण्याचा घोट फिरवता येईना. उलट्या. केस उशीवर राहायला लागले. बा स्टूलवर बसून राहिला. आता तो स्टूल मागायची कुणाची छाती झाली नाही. थेंब थांबलासा वाटला की तो सिस्टरकडे जायचा नाही, तिथूनच ओरडायचा, "ओ बाई! थांबून राह्यलं ना वं!" सिस्टर आधी चिडली, मग यायला लागली. माझ्या उलटीचं भांडं तो न सांगता धुवायचा. त्याला दुखणं कुठलं, कशाचं, हे डॉक्टरांनी सांगितलं असावं. त्यानं मला त्यातलं अक्षर विचारलं नाही. ज्या लाजेपायी मी मरायला बसले होते, तिच्यासाठी त्याच्याकडे जागाच नव्हती. हे मला आधी कळलं असतं तर मी पहिल्याच कार्डात "या" लिहिलं असतं.

पाचवा दिवस संपला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रेशीम कापून नळी ओढून काढली. बोटभर चीर उरली. मी तोंडातल्या तोंडात बोलू शकत होते. बानं विचारलं, "कार्डात काय लिव्हलं होतं?"

"तुमी वाचून नाही घेतलं?"

"कोपरा फाटका पाह्यल्यावर वाचाचं काय राह्यते? डाकवाल्यानं वावराच्या धुऱ्यावरूनच देलं, मान खाली घालून. मी तिथंच फाडलं अन् नाल्यात सोडलं. घरी बी नाही गेलो." मग पुन्हा म्हणाला, "काय लिव्हलं होतं?"

"मी बरी आहे."

त्याला हसू फुटलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता रुमालानं डोळे पुसत म्हणाला, "मंग कोपरा काहून फाडला वं?"

"रगत लागलं होतं. तुमी भ्यान म्हणून."

"बरं केलं." हसू थांबलं. "तू दरखेपी लिव्हे, येऊ नोका. मास्तर वाचे अन् मी आयके. लेकीनं येऊ नोका म्हनल्यावर बापानं कसं यावं, सांग बरं मले?"

तेव्हा सांगायला हवं होतं. दुसऱ्या कार्डाबद्दल. ते अजून उशीखालीच होतं. माझं तोंड सोललेलं होतं, हे निमित्त चांगलं होतं.

पुडकं खाटेखाली होतं. मी विचारलं, त्यात काय आहे. त्यानं सांगितलं नाही. मी पायानं पुढं ओढलं आणि डाव्या हातानं सुतळी सोडली. पांढरंशुभ्र नवं लुगडं, घडी न मोडलेलं. आमच्यात लेक गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. नांदगावात मोटारीतून उतरून त्यानं ते घेतलं होतं आणि काखेत धरून पुढच्या मोटारीत बसला होता.

"वापस कराले गेलो होतो परवा," तो म्हणाला, "इथल्या एका दुकानी. कोनी घेत नाही. कशासाठी घेतलं ते तोंडावर दिसते म्हने."

"राहू द्या. मी नेसते."

"हे नोको नेसू."

"मग जाळता का नवं लुगडं?" मी म्हटलं. माझा स्वभाव परत आला होता. दवाखान्यातून निघाले त्या दिवशी मी तेच नेसले. मोटारीत तो माझ्या शेजारी बसला, पण अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

औषध आणखी चारदा द्यावं लागलं. पायाची शीर धरली, बारीक असूनही. पहिल्या खेपेनंतर प्रत्येक वेळी मी कार्डावर एकच अक्षर लिहिलं आणि प्रत्येक वेळी बा आला. वर्षाअखेर बेडकानं नाही म्हटलं. पुन्हा तपासलं, पुन्हा नाही. मी जगले, पुढं मला एक मुलगीही झाली. त्या डॉक्टरांनी नंतर दोन-तीन ठिकाणी माझी चीर दाखवायला मला बोलावलं आणि मी गेले. ते लुगडं मी विटेपर्यंत वापरलं.

बा त्यानंतर सात वर्षांनी गेला. मी त्याच्याजवळ होते. मास्तर तोवर म्हातारे झाले होते. तिसऱ्या दिवशी ते भेटायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, "तुझी कार्डं वाचायला मजा यायची. पण तुझा बाप विचित्र. कार्ड हातात आलं की लगेच द्यायचा नाही. चारही कोपरे अंगठ्यानं चाचपून बघायचा. एकेक. मग म्हणायचा, हं, वाचा आता. सात वर्षं. मी एकदा विचारलं, काय बघतोस रे? तर म्हणे, काही नाही, सवय."

मी मास्तरांसाठी चहा ठेवायला उठले. दुसऱ्या कार्डाचं मी बाला कधीच सांगितलं नाही.